थ्रॉटलचा स्क्रू

विंच बसवली, हजार किलो ओढणारी,
दलदलीतून स्वतःलाच उपसून काढायला.
हँडलच्या मुठी आता गरम होतात;
काराशोकच्या ऑक्टोबरात
बोटं अजून आहेत, एवढी तरी खात्री पटते.
पोटाखाली जाड पत्रा. दगड लागला
की स्वयंपाकघरात भांडं पडल्यासारखा वाजतो.

मागच्या रॅकवर मात्र नीलासनं
चार रात्री घातल्या:
प्लायवूडची पेटी, कोपऱ्यांना वेल्डिंग,
आत आईचा जुना गालिचा,
वाऱ्याला रबराची झालर.
चाहप्पेसाठी. तेरा वर्षांची कुत्री,
मागचा पाय रेनडियरच्या लाथेनं वाकडा.

तिनं पेटी हुंगली,
खाली उडी मारली, आणि कळपामागं
धावत सुटली नेहमीसारखी.
नेहमीसारखी नाही.

तो काही बोलला नाही.
इंजिन बंद केलं, खिशातून पाना काढला,
थ्रॉटलशेजारचा बारका स्क्रू पिळला,
पोरांच्या हाती गाडी देताना पिळतात तो.
परत पिळला. अजून थोडा.

शेजारी हसतात:
एवढं इंजिन, आणि वेग आजोबांच्या स्लेजचा!

पेटीत असतो थर्मास, वाळवलेलं मांस,
आणि शेवटच्या चढावर, अंधार पडला,
कुणी बघत नसलं,
तर ती.