मूल्यमापनाचा रकाना

शनिवारी पाचच्या आत फाईल.
गिरासे मॅडम पाच म्हणाल्या की पाच.
पाच वाजून दोन मिनिटांनी त्या पर्सची चेन लावतात,
तो आवाज आख्ख्या थर्ड इयरला पाठ आहे.

आज गुरुवार. रात्रपाळी.
महिला वॉर्ड, जिल्हा रुग्णालय, नंदुरबार.
फेब्रुवारीत इथे खिडकी उघडली
की गावाबाहेरच्या पथारींवरून मिरची आत येते
आणि सलाईनच्या स्टँडखेरीज सगळा वॉर्ड शिंकतो.

माझी केस : खाट नंबर अकरा.
केसरबाई कोळी, वय पंचेचाळीस
("काहीबी लिखी ले"),
मूळ गाव प्रकाशा, सध्या पथारीवर,
देठ खुडण्याचं काम, बारा सीझन.
श्वासाला घरघर. बोटांची टोकं लाल.

अकराला तिला मास्क लावून मी लिहायला बसते :
गरज, निदान, उद्दिष्ट.
साडेअकराला खाट चारचा बीपी.
पावणेबाराला नवी ॲडमिशन, तोरणमाळहून, ताप,
सोबत तीन माणसं आणि एक कोंबडी, कोंबडी बाहेर.
सव्वाला परत उद्दिष्टावर येते
तर वाक्याचा कर्ताच सापडत नाही.
पेनाचं टोपण ॲप्रनच्या खिशात, थर्मामीटरशेजारी.
एकदा मी खाट सातच्या काखेत
टोपण ठेवून मिनिटं मोजली आहेत.

हॉस्टेलवर दर्शना पावरा माझे तापाचे आलेख काढते,
मी तिचे लसीकरणाचे तक्ते.
दोघी मिळून आम्ही जेमतेम एक विद्यार्थिनी.

आरोग्यशिक्षण, मुद्दा पहिला :
रुग्णाने धूळ, धूर व तिखट यांपासून दूर राहावे.
तिला वाचून दाखवलं,
कारण पुढे लिहायचं असतं, 'वाचून दाखवले'.
तिने मास्क बाजूला केला.
"दूर राहू. मंग खासूत काय, बाई?"
हसली. हसता हसता खोकली.
खोकल्याची मी नोंद केली.
हसण्याला रकाना नव्हता.

चारच्या सुमाराला तीच म्हणाली,
"तुना पेपर शे का?"
पेपर नाही, फाईल.
"फाईल कोन तपासस?"
मॅडम.
"आनि मॅडमले कोन तपासस?"
मग म्हणाली, जराखी नीज,
मी जागीच शे, कोनी उनं ते उठाडसू.
मी झोपले नाही.
(हे कुणी तपासलंच तर : झोपले नाही.)
सात मिनिटं.

शुक्रवारी रात्री आले
तर अकरा नंबरवर चादरीची घडी.
कागदावर अंगठा, स्वतःच्या जबाबदारीवर.
सीझनचे तीन आठवडे उरलेत,
खुडणीचे पैसे किलोवर,
खाटेवर पडून किलो भरत नाही.

फाईलमध्ये शेवटचा रकाना कोरा : मूल्यमापन.
दर्शना म्हणाली, लिही ना, 'श्वासात सुधारणा आढळली',
सगळ्या तेच लिहितात,
मागच्या वर्षी मेलेल्या पेशंटमध्येही सुधारणा आढळली होती.

शनिवार. आठला ड्यूटी सुटली, नऊला लेक्चर,
दोनला कॉलेज. जेवण नाही, जेवले तर झोपले असते.
शेअर रिक्षा.
पथारी नजर पुरेपर्यंत लाल,
इतकी लाल की सावलीसुद्धा तिखट.
केसरबाई उकिडवी, ढिगाशी,
पदर नाकावर, दुहेरी घडीचा.
मुद्दा चौथा. तो मी वाचला तेव्हा
ती झोपली आहे असं वाटलं होतं मला.

स्टेथो काढला तशा बायका हसल्या.
पाठीवर लावला. घरघर होती.
कमी होती का?
माझेच डोळे वाहत होते, माझाच श्वास मोठा.
"सरकी बस," ती म्हणाली, "तठे वारा शे."
आणि मांडीवरचे देठ झटकून
ढिगाकडे वळली.

परतताना रिक्षात लिहिलं, खड्ड्याखड्ड्यांचं अक्षर :
घरघर आहे. काम चालू आहे. पदर दुहेरी.
सुधारणा, आणि पुढे पेन अडलं.

पाच वाजून एक मिनिट.
चेन अर्ध्यावर.
मॅडमनी काही न बोलता फाईल ओढली,
थेट शेवटचं पान उघडलं,
चष्मा लावला,
आणि शिंकल्या.