पिवळा

आमच्या कार्यालयात भविष्याचं साल ठरलेलं आहे:
दोन हजार एक्केचाळीस.
त्याच्या पुढं कागद संपतो.

मी सहायक आरेखक. माझ्याकडं पिवळा रंग असतो.
पिवळा म्हणजे रहिवास.
हिरवा म्हणजे शेती,
जोवर कुणी वरून फोन करत नाही तोवर.

गणित साधं आहे.
एक्केचाळीस साली लातुरात एवढी माणसं,
भागिले चार पूर्णांक सहा,
बरोबर एवढी घरं.
चार म्हणजे आई, बाप, दोन लेकरं.
पूर्णांक सहा कोण, ते तक्त्यात दिलेलं नाही.
ओट्यावर झोपत असेल.

ट्यूशनची पोरं या भागाकारात बसत नाहीत.
जूनमध्ये येतात गादी, बादली आणि वडील घेऊन.
वडील रात्रीच्या गाडीनं परत जातात.
खोलीत तीन कॉट, एक कूलर,
भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता.
यांना कुटुंब धरायचं का, मी विचारलं.
डोंगरगे मॅडम म्हणाल्या, तरंगती लोकसंख्या लिहा.
नळ आठवड्यानं येणाऱ्या गावात
मी लिहिलं: तरंगती.

मग हरकती मागवल्या. मुदत तीस दिवस.
बहुतेकांचं म्हणणं एकच,
आमचा सर्व्हे नंबर यलोत घ्या.
एकानं घेतल्याचे पेढे आधीच आणले,
ते दुपारी चहाबरोबर संपले.

नसीमबी बागवान आल्या एकविसाव्या दिवशी.
त्यांच्या स्वयंपाकघरातून
माझा नऊ मीटरचा रस्ता जातो.
मी सुनावणीचं वाक्य तयार ठेवलं होतं.
त्या म्हणाल्या,
"रस्ता येऊ द्या की साहेब, आमी कुठं नको म्हणायलोय?
फक्त कधी येणार तेवढं सांगा.
घरात फरशी बसवायची हाय."

मागच्या आराखड्यातही तो रस्ता तिथूनच जात होता.
तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं.
त्यांना सांगितलं होतं, लवकरच.
ते शहाबादीच्या चार लाद्या आणून ठेवून वारले.
लाद्या अजून भिंतीला टेकून आहेत,
त्यांच्यामागं मांजर वितं.

मला आमचं शेड आठवलं.
भूकंपानंतर दोन वर्षांनी मी त्यात जन्मलो.
पत्र्याचं, नंबर एकशे बारा, मुदत सहा महिने.
बापानं तिथं एक खिळा ठोकला नाही.
आज ना उद्या जायचंय, म्हणायचा,
कशाला भोकं पाडायची सरकारच्या पत्र्याला.
कपडे दोरीवर, कंदील दोरीवर,
आईचा आरसा पिठाच्या डब्यावर,
तिला वाकून कुंकू लावावं लागे.
मी चालायला त्या शेडात शिकलो.
बाराखडीसुद्धा.
पुढं पक्कं घर मिळालं, चिठ्ठी काढून,
रांगेत तिसरं, रांगेतल्या सगळ्यांसारखं.
तिथंही बाप वर्षभर
हातोडी घेऊन नुसता भिंतीकडं बघायचा.

हे नसीमबींना सांगण्यासारखं नव्हतं.
अर्जाच्या नमुन्यात त्याला रकाना नाही.
मी म्हणालो, हरकत नोंदवून घेतली.
त्या म्हणाल्या, "हरकत नाहीच की माझी."
मॅडम पाणी प्यायला उठल्या होत्या.
मी हळूच बोललो,
बसवा फरशी.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
पिशवीतून पेन काढलं,
टोपण उघडून माझ्यापुढं धरलं.
"लिहून द्या."

बाहेर पुढचं नाव पुकारलं गेलं.

संध्याकाळी नकाशा गुंडाळताना
बोटाला पिवळा लागला होता.
घरी गेलो. दोन खोल्या, करार अकरा महिन्यांचा,
सहाव्यांदा केलेला.
कॅलेंडर आहे भिंतीवर.
आधीच्या भाडेकरूच्या खिळ्याला.