खोली मावत नाही

पत्रकात मला जागा मिळते पाच सेंटिमीटर रुंद,
साडेतीन उंच. काड्यापेटीएवढी.
शेजारी ऑलिव्हच्या घाण्याच्या वेळा,
खाली त्या तिमाहीत वारलेल्यांची नावं.
त्या काड्यापेटीत दर तीन महिन्यांनी
मी एकेचाळीस विहिरी बसवते.

आकडे बेल्मीरू आणतो.
वय एकोणसत्तर, मोपेड लाल, हेल्मेट पुतण्याचं.
बेजाच्या दक्षिणेला कॉर्कच्या झाडांमधून हिंडतो,
एकेका काठावर वाकून फीत आत सोडतो.
पाण्याला टेकली की फितीची पेटी किणकिणते.
मग शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहितो.
त्याचे सात मधोमध रेघ मारून कापलेले असतात,
इकडची रीतच आहे तशी.

प्रोग्रॅमला मी फक्त माप सांगते.
तो आधी चौकट आखतो, मग रेषा ओढतो,
अक्षरं सगळ्यात शेवटी.
ती चौकटीबाहेर उभी राहतात
दवाखान्याच्या दाराशी नंबर लावल्यासारखी,
आणि कागद संपला
की संपलीच.
चूक दाखवत नाही. विचारतसुद्धा नाही.
पडद्यावर मोठं करून मीही पाहिलं नाही,
शुक्रवार होता, साडेपाच वाजले होते.

उभ्या अक्षावर मी लिहिलं होतं:
जमिनीपासून पाण्याची खोली, मीटर.
छापून आलं:
पासून पाण्याची

जमीन गेली, खोली गेली, मीटरही गेले.
रेषा मात्र शाबूत.
एकवीस, साडेबावीस, चोवीस,
डावीकडून उजवीकडे चढत गेलेली
बकरी चढते तशी, न थांबता.
आणि वर म्हणजे जास्त,
हे तर पोरालाही कळतं.

सिदालियाच्या कॅफेत गुरुवारी कुणीतरी बोट ठेवलं:
चढलं की!
कोपऱ्यातल्या टेबलानेही मान डोलावली,
जे टेबल एरवी कशालाच मान डोलवत नाही.
अध्यक्ष इर्मेनेजिल्दू यांनी कॉफी अर्धी सोडली
आणि तिथूनच फोन लावला:
चौकातलं कारंजं, तीन उन्हाळे कोरडं,
पालींनी वाटून घेतलेलं,
ऑगस्टच्या जत्रेला चालू झालं पाहिजे.

बेल्मीरू माझ्या ऑफिसात आला.
पत्रक टेबलावर ठेवलं. बोलला काही नाही.
फितीचं टोक माझ्या खुर्चीच्या पायाला अडकवलं
आणि उलगडत निघाला मागे मागे,
प्रिंटरला वळसा, कुंडीला वळसा,
दारातून बाहेर, फुटपाथ,
औषधांचं दुकान उघडायची वाट बघणाऱ्या दोघी
पाय उचलून बाजूला झाल्या,
एक ट्रॅक्टर थांबला, फितीवरून जाऊ की नको
म्हणून हॉर्न न वाजवता नुसता घुरघुरत राहिला.
पलीकडच्या भिंतीला पाठ लावून
बेल्मीरू ओरडला:
चोवीस!

माझ्या खोलीत ती खोली
मावत नव्हती.

समास वाढवला. एका ओळीचं काम.
अक्षरं आत आली तशी चौकट आक्रसली,
रेषा आता करंगळीच्या नखाएवढी.
मग अक्षही उलटा केला:
शून्य वर, जमीन वर,
रेषा खाली उतरणारी,
दोर सुटलेल्या बादलीसारखी.

तोवर कारंजं मात्र सात दिवस चाललं.
पोरं भिजली, एक म्हातारी मुद्दाम काठावर जाऊन बसली.
त्या आठवड्याचे आकडे वहीत
इतके दाबून लिहिलेत
की मागच्या पानावरही उमटलेत.

नवं पत्रक निघालं त्या सकाळी अध्यक्षांचा फोन आला.
आवाज अगदी मायेचा:
इदालिना, छापखान्याला जरा बोला,
या वेळी तुमचा आलेख
उलटा लावलाय त्यांनी.