प्रेस

औशाच्या बसस्टँडसमोर चाँदपाशाचं दुकान,
अर्ध्या शटरात शिलाई मशीन, अर्ध्यात इस्त्री.
मी जाकीट टेबलावर ठेवलं.
निळं. खांद्याशी फाटलेलं.
त्यानं दोन्ही हातांनी तोललं,
"ताई, आत लोखंड हाय का काय?"
मग छातीवरची पांढरी अक्षरं एकेक लावून वाचली.
"प्रेस. म्हंजे तुमचंबी इस्त्रीचंच दुकान?"

हसले. तीन महिन्यांनी.
हो म्हणाले, आणि ते अगदी खोटंही नव्हतं.
सहाशे शब्दांत चुरगळलेलं शहर बसवायचं,
डाग घडीच्या आत जाईल असं बघायचं,
रात्री अकराच्या आत पोचतं करायचं.

मोसुलच्या एका तळघरात आम्ही दोन दिवस:
गाडी चालवणारा हैदम, मी,
शेजारची दोन पोरं,
आणि बाटलीत चार बोटं पाणी.
तिथं माझ्या तोंडून आई बोलली,
टँकरच्या रांगेत उभं राहून शिकलेली तिची भाषा:
घोट धर. गिळू नको.
जिभेखाली ठेव, शंभर मोज.
पोरं अरबीत मोजायची, मी मराठीत.
एकोणसाठला अडखळायचे, दुसरीतल्यासारखी.
हैदमला तो एकच आकडा पाठ झाला,
मी थांबले की तो पुढं ढकलायचा: एकोनसात, एकोनसात.

बातमीत ते पाणी आलं नाही. जागा नव्हती.
तिसऱ्या सकाळी तो गाडी बघायला वर गेला.
ते आलं. 'एक स्थानिक चालक'.
जाकीट तेव्हा माझ्या अंगात नव्हतं.

चाँदपाशा विचारत नाही, कशानं फाटलं.
भोकात बोट घालतो, ते पलीकडून निघतं,
आणि तो झटकन मागं घेतो
कुणाच्या न्हाणीत चुकून डोकावल्यासारखं.
"आतून ठिगळ लावतो. वरून कळणार न्हाई."
"कळू दे," मी म्हणते.
तो निळं रीळ खाली ठेवतो,
डब्यात बराच वेळ काहीतरी शोधतो.
"परत जायलात का तिकडं?"
इस्त्रीतला कोळसा तडकतो.
"गुरुवारी न्या," तोच म्हणतो.

आज वार कोणता, ते मला आठवेना.

रस्त्यावर आले. ऊन थेट छातीला लागलं.
टमटमवाला ओरडत होता, लामजना, लामजना, एक सीट.
मी रसवंतीच्या सावलीला उभी राहून मोजायला लागले.
अठ्ठावन्नपर्यंत आले.