सदतिसावा

दांडिया बाजारात, ताम्हाण्यांच्या न्हाणीघरात
रविवारी दोन ते पाच
कुणी आंघोळीला जायचं नाही.
खिडकीला काळा कागद, दिव्याला लाल,
मोरीवर फळी, फळीवर तीन ट्रे,
आणि बाहेर धाकटी सून
पोराचं दुपटं हातात धरून,
कडी वाजवावी की नाही या विचारात.

आम्ही पाच जण. मी रेल्वेत हिशेबनीस,
किरीटभाई पंचाल लेथवाले, वीजमंडळातले चित्रे,
होमिओपॅथीवाल्या सबनीसबाई, आणि ताम्हाणे.
महिनाअखेरीला दोघांत मिळून एक रोल घ्यायचो.
मी वहीत लिहायचो : तारीख, ऊन, छिद्र, वेग,
शेवटच्या रकान्यात दर खटक्याचा भाव.
सबनीसबाई म्हणायच्या,
तुम्ही फोटो काढत नाही हो,
व्हाउचर फाडता.

मगरीला यातलं काही ठाऊक नव्हतं.
जानेवारीत विश्वामित्रीच्या काठी
कमाटीबागेच्या पुलाखाली ती उन्हाला यायची,
चिखलातलंच एक ढेकूळ,
आणि कधीतरी जबडा उघडून तशीच पडून राहायची.
कधीतरी म्हणजे, ताम्हाण्यांच्या बाबतीत,
नवव्या हिवाळ्यात.
तोवर रोल संपलेला. छत्तीस.
बगळे, धोबी, पुन्हा बगळे.
तरी त्यांनी अंगठ्यानं लिव्हर ओढला
आणि तो अडखळत सरकला.

(रोल भरताना, चादरीखालच्या अंधारात,
बोटभर फिल्म वाचवायचे ते.
ही देवाघरची, म्हणायचे.)

ती प्रिंट अजून भिंतीवर आहे :
अर्धी मगर,
उरलेल्या अर्ध्यात काळोख, जिथे फिल्मच संपली.
दात अकरा.
आम्ही प्रत्येकानं मोजलेत.

मग दोन हजार तीन साली किरीटभाईंनी
एनलार्जर भंगारात दिला, लोखंडाच्या भावानं,
आणि साबणाच्या डबीएवढा एक चंदेरी कॅमेरा आणला.
‘जमानो बदलाई गयो, काका.’
ताम्हाणे म्हणाले, हा फोटो नव्हे, टीव्ही आहे.
चित्रे म्हणाले, धूळ नाही, ओरखडा नाही, कमाल आहे.
सबनीसबाई काही म्हणाल्या नाहीत.
कॅमेरा मागून घेतला
आणि उभ्या उभ्या चाळीस फोटो काढले :
चपला, बशी, पंख्याचं पातं, स्वतःचा कान.
‘आयुष्यात पहिल्यांदा,’ म्हणाल्या,
‘वाईट फोटो काढायची ऐपत आली.’

मी? मी दोन्हीकडे मान डोलावली.
त्या वर्षी वहीतला शेवटचा रकाना रिकामा राहिला,
पुढच्या वर्षी वहीच.
खरं सांगतो, हलकं वाटलं.
बोटांचा हायपोचा वास गेला,
आणि गेला हे कळायला
आणखी दोन वर्षं गेली.

मागल्या जानेवारीत, मोतीबिंदू काढल्यावर,
ताम्हाण्यांना पुलावर नेलं किरीटभाईंच्या नातवानं. मीही गेलो.
मगर होती. तीच, की तिची लेक.
जबडा उघडला,
आणि जिगरच्या कॅमेऱ्यात
लाह्या फुटाव्यात तसा आवाज.
दोनशे चौदा.
‘यातला कुठला?’ ताम्हाण्यांनी विचारलं.
‘बधेच चांगले आहेत, दादा.’
खोटं नव्हतं ते. मी पडद्यावर मोठं करून
दात मोजायला घेतले
आणि मध्येच सोडून दिले.

मग कॅमेरा ताम्हाण्यांच्या हातात.
नवा डोळा लावून ते थांबले.
खाली ती तशीच, आ वासून.
मागे रिक्षा, हॉर्न, कुणाचं तरी ‘खसो, खसो’.
त्यांचा अंगठा कॅमेऱ्याच्या खांद्यावर
काहीतरी चाचपत होता.
‘किती उरलेत?’
‘चौदाशे तरी असतील.’
‘मग घाई काय,’ म्हणाले
आणि कॅमेरा खाली करून बघत राहिले
तिनं तोंड मिटेपर्यंत.