जागा उरली तर

पत्र आलं तेव्हा मी गच्चीवर सांडगे घालत होते.
ह्यांनी जिन्यातूनच वाचून दाखवलं,
आधी इंग्रजीत, मग मराठीत,
मग पुन्हा इंग्रजीत, हळू,
हँगरमध्ये मॅन्युअल वाचायचे तसं,
ओळीखाली बोट धरून.
निवृत्तांचा पास बंद. एक तारखेपासून.
खाली सही नव्हतीच, नुसता हुद्दा.

चौतीस वर्षं ह्यांनी विमानांची चाकं बदलली,
सांताक्रूझला, बहुतेक रात्रपाळीत.
दिवाळीला तासगावात यायचे ते एसटीनं, उभ्यानं,
नखांत ग्रीस तसंच.
कुणी म्हणालं, विमानानं का नाही आलात झांबरे,
तर म्हणायचे, उतरवू कुठं,
द्राक्षाच्या मांडवावर?

मी कुठं जाऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं:
रिटायर झाल्यावर.
वर्षाला दोघांची दोन तिकिटं, जन्मभर,
लिहून दिलंय कंपनीनं.
जन्मभर म्हणजे कुणाच्या,
हे मी विचारलं नाही.
मधे कंपनी दोनदा विकली गेली,
तेव्हाही नाही.

आळीतल्या बायकांना वाटायचं, ह्यांचं फुकटच.
फुकट कसलं. जागा उरली तर.
पैसे भरलेले सगळे चढले, दार लावायची वेळ आली,
की मग आपलं नाव.
आणि त्यालाही नियम:
चप्पल चालत नाही.
शेजारच्याला सांगायचं नाही आपण कोण.
जेवण कमी पडलं तर भूक नाही म्हणायचं.
मी सांगलीत जाऊन काळे बूट घेतले.
साडीखाली बूट बघून दुकानातलं पोरगं हसलं,
मीही हसले.

वैजूच्या बाळंतपणाला सिंगापूरला निघालो
तेव्हा मुंबईत तीन रात्री काढल्या.
संध्याकाळी बॅग घेऊन जायचं,
पहाटे तीच बॅग घेऊन परत, फर्नांडिसच्या घरी.
डिंकाचे लाडू दगड झाले.
चौथ्या रात्री दोन जागा उरल्या.
पोचलो तर नात दोन दिवसांची झालेली.

पण त्या विमानात हे झोपले नाहीत.
खुट्ट झालं की सांगायचे,
हा पंप. हे फ्लॅप. आता चाकं आत गेली.
चाकं आत गेली म्हणताना
माझा हात धरला होता, चारचौघांत.
लग्नानंतर पहिल्यांदा.
नंतर नाही.

आता फर्नांडिसचा फोन येतो, कोर्टात जाऊ,
हजार-हजार काढा.
ह्यांनी पाठवले, पावती फाइलला लावली.
वैजू म्हणाली, बाबा, मी काढते ना तिकिटं,
पूर्ण पैशांची, नाव पक्कं असलेली.
हे म्हणाले, विकत घेऊन जायला
मी काय पॅसेंजर आहे?
फोन माझ्या हातात होता.
मला जायचंय,
हे तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

परवा ह्यांचे डोळे दाखवायला सांगलीला निघालो.
मी बूट घातले. ह्यांनी बघितलं,
काही बोलले नाहीत.
कंडक्टरनं आधार कार्ड बघून
ह्यांना शून्य रुपयांचं तिकीट दिलं, मला अर्धं.
शून्याचं तिकीट ह्यांनी घडी करून
चष्म्याच्या घरात ठेवलं.
बस गच्च. खिडकीतली कॉलेजची पोरगी उठली,
बसा आजोबा.
हे म्हणाले, बस तू. उरली तर बसतो.

मी मात्र बसले.

कवलापूरला तो माळ आला,
विमानतळ होणार, होणार म्हणतात तो.
शेळ्या चरत होत्या, कुणी गोवऱ्या थापलेल्या.
हे माझ्या डोक्यावरून वाकून बघत राहिले.
आखूड आहे, म्हणाले, पण लहान विमान बसेल.
मी म्हटलं, पासपोर्ट मार्चपर्यंत चालतोय दोघांचा.
मी बघून ठेवलंय.

बस खड्ड्यात आदळली.
ह्यांनी मान तिरकी करून कानोसा घेतला,
म्हणाले,
मागचं डावं चाक.