उद्या दहाला

भंवरलाल म्हणाला, उद्या दहाला येतो.
म्हणजे साडेअकरा.
तरी आज रात्रीच सगळं हलवायला हवं.

कपाटावर माझी जुनी वायल,
टीव्हीवर पलंगपोस, सोफ्यावर दोन चादरी.
घर असं दिसतंय, की कुणीतरी परगावी निघालं
आणि चपला घालता घालता
उंबऱ्यावरच बसून राहिलं.

दारापासून बाथरूमपर्यंत मी रद्दी अंथरते.
श्रीरंगला खाली बसता येत नाही
(बसता येत नाही, म्हणूनच तर हा सगळा घाट),
तो स्टुलावरून सूचना करतो
आणि माझ्या हाताखालची बातमी उलटी वाचतो.
"अगं, हे कधी झालं?"
सहा वर्षं झाली. सरक, पाय उचल.

नवा कमोड गॅलरीत, खोक्यात.
नाना पेठेतून टेम्पोने आला,
सोबत भिंतीला लावायचा स्टीलचा दांडा.
त्या दांड्याकडे श्रीरंग बघत नाही.
बिलावर मात्र दोनदा बोट ठेवून झालं.

मग बाथरूम.
तीन शाम्पू, तिन्ही तळाशी.
वज्री. गंजलेली ब्लेड. गीझरमागे
निनादचा होडीच्या आकाराचा साबणाचा डबा,
निनाद आता कॅनडात, त्याला दाढी आहे.
आणि पिस्ता रंगाच्या टाइलवर, नळाच्या वर,
माझ्या टिकल्या.
रोज आंघोळीआधी एक काढून चिकटवलेली,
मोजल्या, एकतीस. काहींचा नुसता गोंद उरलाय.
नखाने एकेक सोडवत बसले.
अर्ध्यात लक्षात आलं, ही भिंत उद्या फुटणार आहे.
तरी उरलेल्या काढल्याच.

उद्यापासून मेन कॉक बंद.
दोन पिंपं भरली, चार बादल्या,
मोठा कुकर, पुरणाचं पातेलं,
शेवटी फुलदाणीसुद्धा.
सोसायटीच्या फळ्यावर लिहून आले:
ठोकाठोक दहा ते एक, चार ते सहा.
राडारोडा गोण्यांत भरून, जिन्यात नाही.
एवढं झालं, आणि एक काम राहिलं.

खाली घैसास.
अकरा वर्षं आमची गळती त्यांच्या छतातून.
सेक्रेटरीकडे तीन पत्रं, एक रजिस्टर्ड.
तेव्हापासून जिन्यात भेटलो तर
त्या मीटरकडे बघतात, मी चपलांकडे.

मालिनीबाईंनी दार अर्धंच उघडलं.
मी म्हटलं, उद्यापासून आवाज होईल.
त्या म्हणाल्या, होऊ दे एकदाचा.
मी वळले.
"आणि आंघोळ कुठे करणार तुम्ही दोघं?"

सगळ्याची यादी केली होती मी. फ्रिजवर लावलीय.
हे त्यात नव्हतं.

"खाली या. सातला पाणी कढत असतं."
हसल्या नाहीत. आत नेऊन
गीझरचं बटण दाखवलं, उलटं आहे, खाली म्हणजे चालू.
मी मान वर केली.

तांबूस डाग, एकात एक कडी,
पोपडे सुटलेले, मधे ओला ठिपका.
इतक्या दिवाळ्यांचं अभ्यंग,
निनादच्या क्रिकेटची माती,
श्रीरंग पडला त्या सकाळचं, बादली लवंडलेलं.
सगळं इथे उतरत होतं.
खाली श्रीखंडाचा रिकामा डबा,
त्यात दोन बोटं पाणी.
त्यांनी तो उचलला, बेसिनमध्ये ओतला,
पुन्हा त्याच जागी ठेवला,
न बघता,
गॅस बंद करावा तसा.

काही बोलायला हवं होतं मला.
"बटण उलटं, लक्षात ठेवते," एवढंच म्हणाले.

आता साडेअकरा वाजलेत.
श्रीरंग चादरीखालच्या सोफ्यावरच झोपलाय.
मी पिशवी भरते: दोन टॉवेल, त्याचा पंचा, परकर, कंगवा,
एका मजल्याच्या प्रवासाला.
साबण आपला न्यावा
की त्यांचाच वापरावा,
ते काही ठरत नाही.